आज्ञा आणि तिचे कारण : संगणक-साहाय्यकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या सूचनापत्रांचा विचार

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याच्या व्यवसायात अलीकडे एक नवा लेखनप्रकार रूढ झाला आहे. परंतु त्याच्याकडे लेखन म्हणून पाहण्याची आवश्यकता अद्याप फारशी कोणास वाटलेली दिसत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेला साहाय्यक एखाद्या प्रकल्पात कामास लागण्यापूर्वी त्याने वाचावी अशी साध्या मजकुराची एक फाइल त्या प्रकल्पाच्या मूळ फोल्डरात ठेवलेली असते. क्लॉड कोड हा साहाय्यक ‘क्लॉड.एमडी’ या नावाची फाइल शोधतो. कर्सर या संपादकाने प्रथम ‘कर्सररूल्स’ हे नाव रूढ केले. गिटहब कोपायलटची फाइल आणखी निराळ्या नावाची आहे. 2025 मध्ये ‘एजंट्स.एमडी’ हे सामाईक नाव पुढे आले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचा सांभाळ लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील एका मंडळाकडे सोपविण्यात आला. नावे भिन्न असली तरी वस्तू एकच आहे. तिला येथे ‘सूचनापत्र’ म्हणणे सोयीचे होईल.

या पत्रांविषयी उपदेश पुष्कळ उपलब्ध आहे. ती आटोपशीर असावीत, नेमकी असावीत, त्यांत मोघमपणा नसावा, इत्यादी. हा उपदेश चुकीचा नाही. तथापि एखादे सूचनापत्र सफल का होते आणि दुसरे, तितकेच आटोपशीर असूनही, निष्फळ का ठरते, याचा उलगडा त्याने होत नाही. तो व्हावयाचा तर सूचनापत्राचा वाचक कोण, त्याला काय ठाऊक असते आणि काय ठाऊक नसते, येथून आरंभ केला पाहिजे.

हा वाचक चमत्कारिक आहे. त्याचे सामान्य ज्ञान अफाट आहे. पायथन, रस्ट, जावास्क्रिप्ट या भाषांचे नियम, चांगल्या कोडाची लक्षणे, प्रसिद्ध ग्रंथालयांचा वापर हे सारे त्यास आधीच अवगत असते. परंतु ज्या घरात तो आला आहे त्या घराची त्याला काहीच माहिती नसते. आणि काल याच घरात त्याने दिवसभर राबून जे जाणून घेतले तेही आज त्याच्या स्मरणात उरलेले नसते. काही साधनांनी अलीकडे टिपणे राखण्याची सोय केली आहे खरी, पण ती टिपणेही अखेर फाइलच असते व तीही पुन्हा वाचावीच लागते. मराठी घरात नव्याने आलेल्या गड्याला पहिल्या दिवशी चार गोष्टी सांगितल्या म्हणजे पुढे तो आपोआप सरावतो. हा गडी रोज नव्याने येतो. म्हणून त्याच्यासाठी लिहिलेला मजकूर हा एकाच वेळी निरोप, करार आणि स्मृती असे तिहेरी कार्य करीत असतो.

प्रचलित सूचनापत्रांपैकी बहुसंख्य या कसोटीस उतरत नाहीत. त्यांचा नमुना डोळ्यांपुढे आणणे अवघड नाही. आरंभी साहाय्यकास ‘तू अत्यंत निष्णात प्रोग्रॅमर आहेस’ असे सांगितलेले असते. नंतर कोड स्वच्छ, सुबोध व सुरक्षित असावा, नावे अर्थपूर्ण असावीत, चुका नीट हाताळाव्यात अशी वाक्ये येतात. त्यानंतर फोल्डरांचा वंशवृक्ष. शेवटी ठळक अक्षरांत पाचसहा ‘कधीही नाही’ आणि तितकेच ‘नेहमीच’. यांपैकी पहिला भाग साहाय्यकास ठाऊक असतो, दुसरा तो न सांगता करू पाहतोच, आणि वंशवृक्ष तो एका कमांडने स्वतः पाहू शकतो. वाचकाला जे अन्य मार्गाने कळू शकत नाही ते एकही वाक्य अशा पत्रात नसते. आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. बहुतेक साधनांत असे पत्र साहाय्यकाकडूनच तयार करवून घेण्याची सोय आहे. पहिला खर्डा म्हणून त्यास हरकत नाही. पण कोड वाचून जे समजते तेवढेच त्या खर्ड्यात उतरणार, हे उघड आहे. जे कोडात लिहिलेले नाही ते त्यात यावयाचे कोठून?

याउलट एक चांगले उदाहरण घ्यावयाचे तर ओपनएआय या संस्थेच्या ‘कोडेक्स’ साहाय्यकाचा जो खुला प्रकल्प आहे, त्यातील सूचनापत्राचे 2025 मधील रूप पाहण्याजोगे आहे. साहाय्यक घडविणाऱ्यांनीच साहाय्यकासाठी लिहिलेले हे पत्र आहे. त्यातही सामान्य नियम आहेत. उदाहरणार्थ, मजकूर जुळविण्याच्या ‘फॉरमॅट’ या सोयीत चलांची नावे थेट कंसात लिहावीत असा एक नियम आढळतो. रस्टसाठी ‘क्लिपी’ नावाचे जे तपासणीचे साधन आहे त्यात नेमका हाच नियम असल्यामुळे ते वाक्य पत्रात कशास हवे, असा प्रश्न उपस्थित करता येतो. परंतु त्याच पत्रातील दुसरा एक परिच्छेद या संपूर्ण लेखनप्रकाराचे सामर्थ्य दाखवितो.

कोडेक्सचे कोड लिहिणारा साहाय्यक स्वतः एका बंदिस्त कक्षात, म्हणजे सँडबॉक्समध्ये, काम करीत असतो व तेथून त्यास नेटवर्क उपलब्ध नसते. नेटवर्क बंद असल्याची खूण म्हणून एक चल तेथे निश्चित केलेले असते. प्रकल्पातील काही चाचण्या आरंभीच ही खूण पाहतात आणि ती आढळली तर काहीही न तपासता परत फिरतात. बाहेरून आलेल्या हुशार वाचकास हे कोड संशयास्पद वाटणे अगदी साहजिक आहे. चाचणी असून ती चालत नाही, म्हणजे कोणा आळशी माणसाने पळवाट ठेवली असावी. ती काढून टाकणे हेच चांगल्या प्रोग्रॅमरचे कर्तव्य, असे त्याचे सामान्य ज्ञान त्यास सांगेल. सूचनापत्र त्याला बजावते की या खुणेशी संबंधित कोणतेही कोड नव्याने घालू नये वा बदलू नये. पण पत्र तेथेच थांबत नाही. तू स्वतः अशा कक्षात आहेस, ही खूण तुझ्याच कक्षात लावलेली आहे, आणि ज्या चाचण्या तुला चालविता येणार नाहीत हे मूळ लेखकास ठाऊक होते त्यांच्यासाठीच ही वाट ठेवलेली आहे, असा खुलासा ते पुढे करते. मॅकओएस प्रणालीतील ‘सीटबेल्ट’ या कोंदणाविषयीही असेच सांगितले आहे : जी चाचणी स्वतःच सीटबेल्ट सुरू करू पाहते ती सीटबेल्टच्या आत चालू शकत नाही, म्हणून तिने आधीच माघार घ्यावयाची.

या परिच्छेदातील निषेध एका वाक्याचा आहे व कारण तीनचार वाक्यांचे. लाघवाच्या आग्रहाने कोणी ती कारणे गाळली असती तर पत्र आखूड झाले असते आणि दुबळेही. कारण निषेध केवळ त्या एका खुणेपुरता आहे, तर खुलासा त्या खुणेच्या सर्व शेजारास व्यापतो. उद्या साहाय्यकास दुसऱ्याच एखाद्या चाचणीत अशीच माघार आढळली, तर आपल्या कक्षाच्या मर्यादेशी तिचा संबंध असावा, हा तर्क त्यास त्या खुलाशावरून करता येतो. निषेधावरून तो करता येत नाही.

त्याच पत्रातील चाचण्यांविषयीचा भागही विचारपूर्वक लिहिलेला आहे. कोड बदलल्यावर त्याची मांडणी नीट करणारी कमांड आपण होऊनच चालवावी, परवानगी विचारीत बसू नये. ज्या भागात बदल केला त्याच्या चाचण्याही न विचारता चालवाव्यात. परंतु सामाईक, गाभ्याच्या किंवा शिष्टाचाराच्या भागास हात लागला असल्यास सर्व चाचण्या चालवावयाच्या, आणि त्यापूर्वी मात्र माणसास विचारावे. कोठे विचारावे व कोठे विचारू नये यांची ही वाटणी प्रकल्पातील माणसांच्या रोजच्या अनुभवातून आलेली असते. कोड कितीही वेळा वाचले तरी ती सापडणार नाही.

आता कारणासहित आज्ञा द्यावी या मतावर एक जुना व वजनदार आक्षेप आहे, त्याचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. आज्ञावाक्यांच्या अर्थाचा जितका सूक्ष्म विचार पूर्वमीमांसेने केला आहे तितका क्वचितच कोणी केला असेल. मीमांसकांनी वेदवाक्यांतील विधी व निषेध वेगळे काढले आणि स्तुती, निंदा, कथा अथवा कारण सांगणाऱ्या वाक्यांना ‘अर्थवाद’ म्हणून विधीच्या सेवेस लावले. जैमिनीच्या पहिल्या अध्यायातील हेतुवन्निगद अधिकरणात नेमका हाच प्रश्न येतो. सुपाने होम करावा असे सांगून, सुपामुळे अन्न सिद्ध होते, असे पुढे म्हटलेले आहे. हे दुसरे वाक्य खरोखरीचे कारण मानले तर अन्न सिद्ध करणारी पळी, भांडे इत्यादी अन्य साधनेही होमास चालतील, अशी आपत्ती येते. तेव्हा ते वाक्य दिसण्यात कारणासारखे असले तरी ते कारण नव्हे. ती सुपाची स्तुती होय, असा सिद्धांत केला आहे. कारण सांगितले की वाचक आज्ञेच्या बाहेर पाऊल टाकू लागतो, ही भीती त्यामागे आहे आणि ती निराधार नाही.

सूचनापत्रांच्या बाबतीत मात्र नेमके हे बाहेर टाकलेले पाऊलच हवे असते. यज्ञाचा विधी पूर्वनिश्चित असतो. प्रकल्पात रोज न कल्पिलेला प्रसंग उभा राहतो. पत्र लिहिणाऱ्यास सर्व प्रसंग आधी दिसत नाहीत, म्हणूनच त्याला आपल्या वतीने तर्क करील असा वाचक लागतो, आणि तर्कास कारणाचा आधार लागतो. नुसती आज्ञा मिळाली तर असा वाचक दोन प्रकारांनी चुकतो : जेथे ती लागू नाही तेथेही अक्षरशः पाळतो, किंवा जेथे ती नावाने सांगितलेली नाही तेथे पूर्णपणे विसरतो. मीमांसकांनी जो दोष मानला तो येथे गुण ठरतो. तथापि त्यांची भीती एका ठिकाणी येथेही खरी आहे, ती अशी की खोटे अथवा सजावटीचे कारण दिले तर वाचक त्यावरूनही तर्क करील. ‘वेगासाठी’ म्हणून एखादे ग्रंथालय वर्ज्य केले, पण खरे कारण त्याच्या परवान्याची अट हे असले, तर साहाय्यक तशाच परवान्याचे दुसरे वेगवान ग्रंथालय निःशंकपणे आणून ठेवील.

कारणासहित आज्ञेची परंपरा मराठी गद्यास अपरिचित नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले इ. स. 1715 चे ‘आज्ञापत्र’ हा तिचा ठळक नमुना होय. आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विषय आला आहे. आंबा, फणस ही झाडेही आरमारास उपयोगी आहेत हे मान्य करूनच त्यांना हात लावू नये असे सांगितले आहे, व लगेच कारण दिले आहे : ही झाडे वर्षादोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे बहुत काळ जतन करून वाढविलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखास पार राहत नाही. याच कारणातून अपवादही आपसूक निघतो. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने तोडून न्यावे. बलात्कार सर्वथा करू नये. दूरच्या किनाऱ्यावरील अंमलदारास प्रत्येक झाडाविषयी हुजुरास विचारणे शक्य नव्हते. आज्ञा का दिली हे त्यास ठाऊक होते, म्हणून न सांगितलेल्या झाडाविषयीही त्याला निर्णय करता आला असता. आजचा साहाय्यकही हुजुरापासून तितकाच दूर असतो, जरी तो त्याच टेबलावरील यंत्रात बोलत असला तरी.

लांबीचा प्रश्न थोडक्यात आटोपता येईल. सूचनापत्र प्रत्येक वेळी आरंभी वाचले जात असल्यामुळे त्यातील प्रत्येक ओळ कामासाठी उपलब्ध असलेल्या अवधानातून आपला वाटा घेते. क्लॉड कोडच्या मार्गदर्शिकेत एक फाइल 200 ओळींच्या आत ठेवावी असे सुचविले आहे. कोडेक्स अशा पत्रांचा मजकूर मुळात 32 किलोबाइटपर्यंतच घेतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सुप्रसिद्ध शोधनिबंधात असे दाखविण्यात आले की दीर्घ मजकुराच्या मधोमध असलेल्या माहितीचा उपयोग भाषाप्रतिमानांना आरंभीच्या वा अखेरच्या माहितीइतका करता येत नाही. प्रतिमाने तेव्हापासून सुधारली असली तरी सावधगिरीचा बोध कायम आहे. म्हणून जे एखाद्याच फोल्डरापुरते खरे आहे ते त्या फोल्डरातील स्वतंत्र पत्रात असावे, आणि जे क्वचितच लागते ते वेगळ्या दस्तऐवजात ठेवून त्याचा केवळ निर्देश करावा. कारणांनी पत्र वाढते ही तक्रार येथे टिकत नाही. सर्वसामान्य उपदेशाच्या ओळी काढून टाकल्या की कारणांना पुरेशी जागा मोकळी होते.

ठळक अक्षरांतील ‘कधीही नाही’ यांचा विचार निराळा करावा लागतो. अशी वाक्ये बहुधा एखाद्या अपघातानंतर रागाच्या भरात लिहिलेली असतात. पत्रात असे एक वाक्य असेल तर ते लक्ष वेधते. वीस असतील तर एकही वेधत नाही. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सूचनापत्र हा संदर्भ आहे, कुलूप नव्हे. साहाय्यक ते वाचतो व बहुधा पाळतो. ‘बहुधा’ हा शब्द येथे निर्णायक आहे. प्रत्यक्ष ग्राहकांची माहिती असलेला डेटाबेस पुसला जाऊ नये असे वाटत असेल तर त्याचा अधिकारच साहाय्यकास देऊ नये. मांडणी प्रत्येक वेळी तपासली जावी असे वाटत असेल तर ते काम लिंटरकडे, किंवा आता काही साधनांत उपलब्ध असलेल्या, ठराविक क्षणी हटकून चालणाऱ्या ‘हुक’कडे द्यावे. जे यंत्राने निश्चितपणे होऊ शकते ते विनंतीवर सोपविणे हे आळसाचे लक्षण आहे, आणि त्यामुळे पत्रातील खऱ्या विनंत्यांची किंमतही कमी होते.

या लेखनप्रकारातील सर्वांत गंभीर दोष मात्र लिहिण्याच्या वेळी दिसतच नाही. तो मागाहून शिरतो. कोड बदलते आणि पत्र तसेच राहते. चाचण्या चालविण्याची कमांड बदललेली असते, एखादा जुना विभाग मोडीत निघालेला असतो, ज्या अडचणीमुळे एक निषेध लिहिला ती अडचण सुटलेली असते. माणूस असे शिळे वाक्य वाचून खांदे उडवितो, कारण त्याला प्रकल्पाची हवा ठाऊक असते. साहाय्यकास ती ठाऊक नसते. तो शिळ्या वाक्यावर विश्वास ठेवून, कोड व पत्र यांच्यात विसंगती दिसली तर कित्येकदा कोडच पत्राप्रमाणे ‘दुरुस्त’ करण्यास प्रवृत्त होतो. अशा वेळी पत्र नसणे हे पत्र असण्यापेक्षा बरे म्हणावे लागते. येथेही कारणाचाच उपयोग होतो. ‘अमुक आवृत्तीत दोष असल्यामुळे हे ग्रंथालय वाढवू नये’ असे वाक्य असेल तर दोष दूर झाल्यावर ते खोडून टाकण्याचे धैर्य कोणासही होते. केवळ ‘हे ग्रंथालय वाढवू नये’ एवढेच असेल तर त्यास हात लावण्यास पुढील कोणी धजत नाही. मूळ लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो आणि वाक्य कुलदैवतासारखे देव्हाऱ्यात बसून राहते.

मराठी भाषकांच्या दृष्टीने या विषयास एक बाजू आहे. पुण्यातील अथवा अन्यत्रच्या संगणक-संस्थांत सूचनापत्रे सामान्यतः इंग्रजीत लिहिली जातात, आणि त्यास व्यावहारिक कारणे आहेत : सहकारी अनेक भाषांचे असतात, कोड इंग्रजीत असते, व देवनागरी मजकुरास बहुतेक प्रतिमानांत तितक्याच आशयाच्या इंग्रजी मजकुराहून अधिक टोकन खर्ची पडतात. याविरुद्ध तक्रार करण्याचे प्रयोजन नाही. परंतु जेथे चमूतील माणसे आपसांत मराठीत बोलतात तेथे निर्णयांची कारणेही मराठीतच बोलली जातात. हे असे का केले, ते तसे का सोडले, कोणत्या ग्राहकाच्या कोणत्या अडचणीमुळे ही वाकडी वाट घ्यावी लागली, हे सारे चहाच्या वेळी सांगितले जाते. पत्रात मात्र इंग्रजीतून केवळ निष्कर्ष उतरतो. भाषांतरात प्रथम गळते ते ‘कारण की’ च्या पुढचे. अशा चमूने पत्राचा पहिला खर्डा मराठीत लिहून पाहावा, मागाहून हवे तर तो साहाय्यकाकडूनच इंग्रजीत आणवावा आणि आणवल्यावर दोन्ही शेजारी ठेवून कोणते वाक्य अर्धे राहिले ते तपासावे. साहाय्यक मराठी वाचतो; तेव्हा ज्या ओळीचे कारण इंग्रजीत नीट बसत नाही ती मराठीतच राहू देण्यासही काही अडचण नाही.